हँडब्रेकचा जमाखर्च

कॉमर्सच्या पदवीधराने मोटारीच्या पोटाखाली डोकावू नये, असा काही कायदा नाही. डोकावल्यावर तिथेही आपलंच ऑफिस दिसतं, हा माझा अनुभव आहे. इंजिन म्हणजे मॅनेजर. आवाज मोठा आणि तापायला फारसं निमित्त लागत नाही. आणि हँडब्रेकची केबल जिथे अडकवतात ते पत्र्याचं ब्रॅकेट म्हणजे काउंटरवरचा कारकून. जागेवर असतो तोवर कोणी त्याच्याकडे बघत नाही. जागचा हलला, की बोंब होते.

सर्वांत जुना हँडब्रेक म्हणजे चाकामागे ठेवलेला दगड. त्याला पेटंट नाही, केबल नाही, आणि आपल्या घाटांत त्याची नोकरी अजून शाबूत आहे. पुढे लोखंडी दांडे आले. वडिलांच्या काळ्या सायकलवर मुठीपासून चाकापर्यंत दांड्यांची आणि सांध्यांची जी मिरवणूक निघत असे, ती आठवा. दांडा इमानी खरा. पण सरळमार्गी माणसासारखा, वळण आलं की अडतो.

इंग्लंडमध्ये १८९६ साली दोन गोष्टी घडल्या. मोटारीच्या पुढे एका माणसाने पायी चाललंच पाहिजे, ही सक्ती कायद्याने उठली. आणि अर्नेस्ट मॉनिंग्टन बाउडेन या आयरिश गृहस्थाने वळणावळणांतून ओढ पोचवणाऱ्या केबलचं पेटंट घेतलं. पुढचा माणूस गेला तेव्हा थांबण्याची सगळी जबाबदारी ब्रेकवर आली, असं म्हणायला हरकत नाही. त्याच काळात नॉटिंगहॅमच्या रॅले सायकल कंपनीचे मालकही बाउडेनच, पण फ्रँक. झालं! आडनाव एक म्हटल्यावर अनेकांनी या शोधाचं श्रेय फ्रँकच्या खात्यात जमा करून टाकलं. दोन कुलकर्ण्यांच्या पासबुकांतही असं होतं. पण तिथे कुलकर्णी स्वतः येऊन भांडतात. इतिहासात ती सोय नाही.

या केबलमध्ये आतली तार ती ‘इनर’ आणि तिच्यावरचं, वेटोळ्या तारेचं नळीसारखं कवच ते ‘आउटर’. गंमत अशी की इनर जेवढ्या जोराने ओढावी, तेवढ्याच जोराने आउटर दाबलं जातं. नावे तेवढे जमा! लुका पाचोलीने १४९४ साली द्विनोंदी हिशेबाची पद्धत छापली आणि न्यूटनने १६८७ साली क्रिया-प्रतिक्रियेचा नियम. यात आधी कोण, हे मी सायन्सवाल्यांच्या पंक्तीत मुद्दाम सांगतो. आता हे जमेच्या बाजूचं आउटर दोन्ही टोकांना पक्कं टेकलं पाहिजे. नाही तर इनर ओढताच आउटरच सरकतं आणि ब्रेक आपला स्वस्थ. ते टेकतं ब्रॅकेटवर. समजा, हाताची ओढ २० किलो आणि लिव्हर ती सहापट करतो. तर केबलवर १२० किलो आणि ब्रॅकेटवरही १२०. दोन भरदार माणसं हाताच्या पंजाएवढ्या पत्र्याला लोंबकळताहेत, असं समजा.

आमच्या एका मित्राने जुनी जीप घेतली, तेव्हा हे मी प्रत्यक्ष पाहिलं. महायुद्धातल्या विलीज जीपचा हँडब्रेक चाकांवर नसे, तो गिअरबॉक्सच्या मागून निघणाऱ्या शाफ्टवर असे. हिची जात तीच. पंक्चर काढायला मागचं एक चाक जॅकवर उचललं, की शाफ्ट जखडलेला असूनही डिफरन्शियलमुळे दोन्ही चाकं उलटसुलट फिरायला मोकळी. म्हणजे ज्या वेळी माणूस गाडीजवळ उकिडवा बसलेला असतो, नेमक्या त्याच वेळी जीप निघायला तयार! म्हणून मित्राने चाकांवर हँडब्रेक असलेला दुसरा ॲक्सल मिळवला. केबल आली, पण ती अडकवायला जागाच नाही.

मिस्त्रीने आधी पुठ्ठा कापून नमुना केला आणि मग पत्र्याचं उंच, ऐटबाज ब्रॅकेट एकाच बोल्टवर बसवलं. लिव्हर ओढला, कटकट कटकट वर आला. हाताला समाधान पुरेपूर, चाकाला खबर नाही. खाली पाहिलं, तर ब्रॅकेट नमस्कार करत होतं.

“पत्रा जाड घेऊ या का?” मित्राने विचारलं.

“जाड तर घेऊच साहेब, पण आधी बुटका करू,” मिस्त्री म्हणाला.

त्याचं गणित चक्रवाढ व्याजासारखं निघालं. ब्रॅकेटची उंची दुप्पट, तर वाकणं आठपट. पत्रा दुप्पट जाड, तर वाकणं एक-अष्टमांश. मग दुसरं ब्रॅकेट बुटकं झालं, कड काटकोनात वळवलेली, कोपऱ्यात त्रिकोणी आधार, आणि गोल फिरू नये म्हणून बोल्ट दोन. केबल भोकातून सरळ रेषेत निघेल आणि सायलेन्सरच्या नळीपासून लांब राहील, हेही त्याने पाहिलं.

पायाचा ब्रेक केव्हाच तेलावर गेला. ड्युसेनबर्ग मोटारीने १९२१ साली चारही चाकांना हायड्रॉलिक ब्रेक दिले. पण तेल रात्रभरात झिरपू शकतं आणि उभ्या गाडीला तर रात्रभरच उभं राहायचं असतं. म्हणून हँडब्रेक वेगळा हवा. आपल्या १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतही मोटारीला एकमेकांवर न विसंबणारे दोन ब्रेक सांगितले आहेत. एकाने दगा दिला, तर दुसऱ्याने जागा सोडायची नाही.

चढावर जीप उभी केली. चार कटकटींत लिव्हर घट्ट झाला आणि जीप तिथेच राहिली. मिस्त्रीने बिल दिलं. सवयीने मी बेरीज तपासली. केबल होती, बोल्ट होते, ग्रीस होतं, मजुरी होती. ब्रॅकेट नव्हतं.

“ते राहिलं की,” मी म्हटलं.

“असू द्या साहेब, तुकडा पडलेलाच होता.”