तापला प्रोसेसर, मागं पडली वेळ

उष्णता आणि घड्याळ यांचं वैर जुनं आहे. उन्हाळ्यात लंबकाची दांडी किंचित लांबते आणि घड्याळ मागं पडतं. इंग्लंडमधल्या जॉन हॅरिसन या सुतारानं १७२०च्या दशकात यावर तोड काढली. पितळ आणि पोलादाच्या दांड्या त्यानं अशा जोडल्या, की एकीच्या वाढीची दुसरीनं भरपाई करावी.

तेच वैर पुढं संगणकात कसं उभं राहिलं, ते मला आज सांगायचं आहे. १९९३ साली इंटेलच्या पेंटियम प्रोसेसरमध्ये स्वतःचे ठोके मोजणारा 'टाइम स्टॅम्प काउंटर' आला. सेकंदाला किती ठोके पडतात हे ठाऊक असलं, की साध्या भागाकारानं वेळ काढता येई. पण प्रोसेसर फार तापला की जळू नये म्हणून आपला वेग उतरवतो. त्या काळच्या अनेक प्रोसेसरमध्ये वेगाबरोबर ही मोजणीही मंदावे. वेग निम्मा झाला आणि सॉफ्टवेअरला ते कळलं नाही, तर तासाचा अर्धा तास व्हायचा!

आभासी संगणकांची पंचाईत याहून मोठी. एका यंत्रात अनेक संगणक नांदवण्याची युक्ती आयबीएमनं १९६०च्या दशकात केली. १९९९ साली व्हीएमवेअरनं ती साध्या पीसीवर आणली. अशा संगणकाला स्वतःचं खरं घड्याळ नसतं. यजमान यंत्राकडून ठरावीक अंतरानं येणाऱ्या 'टिक' तो मोजतो. २००३ सालच्या लिनक्स २.६मध्ये पीसीवर या टिक सेकंदाला १,००० झाल्या. यजमान तापून मंदावला, की प्रत्येकाची पाळी उशिरा येते. टिक साचतात, काही हरवतात. घड्याळ आधी रेंगाळतं, मग साचलेलं भरून काढायला धावत सुटतं.

यानं बिघडतं काय? खात्यात पैसे आधी भरले की आधी काढले, हे नोंदीतल्या वेळेवरून ठरवायचं असेल आणि दोन यंत्रांची घड्याळं जुळत नसतील, तर नंतरची गोष्ट आधी घडल्यासारखी दिसते.

उपाय टप्प्याटप्प्यानं आले. २००८च्या सुमारास इंटेलच्या नव्या प्रोसेसरमधला काउंटर वेग कितीही बदलला तरी एकाच गतीनं चालू लागला. आभासी संगणकही टिक मोजण्याऐवजी यजमानाला थेट वेळ विचारू लागले. राहिलेला फरक नेटवर्कवरच्या अचूक घड्याळाशी ताडून मिटवतात. डेव्हिड मिल्स यांची ती पद्धत १९८५पासूनची.

हॅरिसननं उष्णतेची भरपाई केली. संगणकवाल्यांनी निराळी वाट धरली: राबणाऱ्याच्या हातून वेळेची मोजणी काढून घेतली. मला तो शहाणपणाचा निर्णय वाटतो. थकलेल्या माणसाला तरी तास कुठे खरा वाटतो?