बडोद्याची चौकशी आणि जबानीची कसोटी

‘जबानी’ या शब्दाच्या मुळाशी फारसीतील ‘जबान’ म्हणजे जीभ आहे. परंतु इतिहासाच्या अभ्यासकाच्या हाती जीभ कधीच येत नाही. येतो तो कागद. बोलणारा आणि लिहिणारा यांच्यामध्ये काय घडले, कोणी विचारले, कोणासमक्ष विचारले, कोणत्या आशेने वा भीतीने उत्तर दिले गेले, हे समजल्यावाचून त्या कागदाची किंमत ठरत नाही. न्यायालयात या गोष्टींना कायद्याचे कुंपण असते. सरकार स्वतः चौकशीमंडळ नेमते तेव्हा मात्र ते कुंपण कोठवर असावे, हा वादाचा प्रश्न होऊन बसतो. या प्रश्नाचा विचार आम्ही १८७५ सालच्या बडोद्याच्या प्रकरणावरून करू इच्छितो.

९ नोव्हेंबर १८७४ रोजी बडोद्याचे रेसिडेंट कर्नल फेअर यांनी सकाळच्या सरबताचे दोन-चार घोट घेऊन उरलेले फेकून दिले. पेल्याच्या तळाशी गाळ दिसला. तो तपासल्यावर त्यात सोमल आणि चकाकणारी पूड आढळली. महाराज मल्हारराव गायकवाड आणि फेअर यांचे हाडवैर जगजाहीर होते. तेव्हा संशय कोणावर जाणार हे सांगावयास नको. मुंबईचे पोलीस कमिशनर फ्रँक सूटर तपासासाठी बडोद्यास आले आणि डिसेंबरात रेसिडेन्सीतील हवालदार रावजी याने कबुली दिली. त्याला माफीचे आश्वासन मिळाले होते. त्यामागून नरसू जमादार बोलला, आणि पुढे महाराजांचे खाजगी चिटणीस दामोदरपंत यांनीही कैदेत असताना, माफीच्याच आशेवर, जबानी दिली.

येथवरची रीत बंद दाराआडची होती. १८७२ च्या पुरावा कायद्याने पोलिसांपुढील कबुली आरोपीविरुद्ध ग्राह्य धरण्यास मनाई केली होती, ती उगीच नव्हे. शिपायाच्या पहाऱ्यात बसलेल्या माणसाची जीभ त्याची स्वतःची राहत नाही, हा अनुभव त्यामागे होता.

जानेवारी १८७५ मध्ये मल्हाररावांना अटक झाली आणि व्हाइसरॉय लॉर्ड नॉर्थब्रुक यांनी सहाजणांचे मंडळ नेमले. अध्यक्ष होते बंगालचे मुख्य न्यायाधीश सर रिचर्ड काउच. सोबत कर्नल मीड व मेलव्हिल हे अधिकारी. दुसऱ्या बाजूस ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज रामसिंग आणि ग्वाल्हेरची दिवाणगिरी गाजविलेले आपले सर दिनकरराव राजवाडे. हे न्यायालय नव्हते. त्याला शिक्षा देण्याचा अधिकार नव्हता. त्याने सरकारला अहवाल द्यावयाचा, एवढेच. तरीही एक गोष्ट न्यायालयाप्रमाणे झाली, आणि तीच आम्हांस महत्त्वाची वाटते. पोलिसांपुढे बोललेल्या प्रत्येक मुख्य साक्षीदारास मंडळापुढे येऊन, महाराजांच्या वकिलांसमक्ष, तेच पुन्हा तोंडी सांगावे लागले.

सरकारतर्फे मुंबईचे अॅडव्होकेट-जनरल स्कोबल यांनी सरतपासणी घेतली. महाराजांतर्फे खास विलायतेहून आलेले सार्जंट बॅलंटाइन उलटतपासणीस उभे राहिले, आणि कागदावर सरळ दिसणारी हकीकत वाकडी होऊ लागली. रावजीच्या पट्ट्यात सोमलाची पुडी सापडली होती. परंतु ती शोधून काढली पोलिसांच्याच माणसाने, आणि तीही कबुलीनंतर. ती तेथे आधीपासूनच होती काय, हा प्रश्न बॅलंटाइन यांनी हवेत ठेवला आणि तो अखेरपर्यंत खाली उतरला नाही. साक्षीदार बोलत ते आपापल्या भाषेत, दप्तरात उतरे ती इंग्रजी. हेही ध्यानात ठेवले पाहिजे. मल्हाररावांनी आरोप नाकारणारे लेखी निवेदन दिले.

शेवटी मंडळ बरोबर मधोमध दुभंगले. तिघा इंग्रज सभासदांना आरोप सिद्ध वाटला. तिघा हिंदी सभासदांना विषप्रयोगाचा आरोप सिद्ध वाटला नाही. याचा उलगडा केवळ वर्णभेदाने करण्याचा मोह होतो, आणि तो पूर्णपणे चुकीचा आहे असेही आम्ही म्हणणार नाही. परंतु वादाचा खरा मुद्दा जबानीच्या वजनाचा होता. गुन्ह्यात स्वतः सामील असल्याचे सांगणारा आणि माफीच्या दोरीने वर काढलेला माणूस दुसऱ्याकडे बोट दाखवितो, तेव्हा स्वतंत्र आधारावाचून त्याच्यावर किती विश्वास ठेवावा? या प्रश्नाची दोन प्रामाणिक उत्तरे असू शकतात.

सरकारने मात्र तिसरीच वाट धरली. एप्रिल १८७५ मध्ये मल्हाररावांना पदच्युत केले, आणि त्याचे कारण विषप्रयोग न देता बेबंद राज्यकारभार हे दिले. त्यांना मद्रासेस पाठविण्यात आले. तेथेच १८८२ मध्ये त्यांचा अंत झाला. त्यांचा कारभार वाईट होता, याबद्दल आम्हांस शंका नाही. तरी मनात येते की, निकाल साक्षीपुराव्यावर लावावयाचाच नव्हता, तर इतका खटाटोप कशाला?

याचे उत्तर त्या दप्तरातच आहे. केवळ डिसेंबरातील कबुल्या उरल्या असत्या, तर मल्हारराव इतिहासात निःसंशय विषप्रयोग करणारे ठरले असते. उघड उलटतपासणी झाली म्हणून आज त्या कबुल्यांबरोबर त्यांच्यावरील शंकाही वाचावयास मिळते. सत्तेने निकाल बाजूस सारला; प्रश्नोत्तरे तिला बाजूस सारता आली नाहीत.

स्वतंत्र भारताने १९५२ मध्ये चौकशी आयोगांचा कायदा केला. साक्षीदारास बोलाविण्याचा व शपथेवर तपासण्याचा अधिकार आयोगास मिळाला. आणि आयोगापुढील जबानी, खोट्या साक्षीचा खटला वगळता, त्या साक्षीदाराविरुद्ध वापरता येणार नाही असे ठरले. ज्याच्या नावास बट्टा लागण्याचा संभव आहे, त्याला आपली बाजू मांडण्याचा व उलटतपासणीचा स्पष्ट हक्क मात्र १९७१ च्या दुरुस्तीने कायद्यात आला. आयोगाचा अहवाल आजही सरकारवर बंधनकारक नसतो. म्हणूनच जबानी घेण्याची रीत चोख असणे अधिक अगत्याचे आहे. निकाल देणे आयोगाच्या हाती नाही. माणसाला समोरासमोर विचारून त्याचे उत्तर जसेच्या तसे टिपून ठेवणे आहे. तेवढे नीट झाले, तर उशिरा का होईना, न्याय करू पाहणाऱ्याला पाय ठेवण्यास जागा राहते.