इंद्रायणी भात : संकर, ओज आणि विविधता

तळेगाव दाभाडे सोडून लोणावळ्याकडे निघालेल्या लोकलचे पुढचे स्थानक वडगाव. महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या तेथील भात संशोधन केंद्राने १९८७ मध्ये ‘इंद्रायणी’ हा वाण प्रसारित केला. आंबेमोहोर १५७ आणि आय.आर. ८ हे त्याचे जनक वाण. आंबेमोहोराला सुवास होता. परंतु त्याचे उंच ताट लोळत असे व उत्पन्न बेताचे येई. फिलिपाईन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने १९६६ मध्ये दिलेला आय.आर. ८ बुटका व भरघोस होता. सुवासाच्या बाबतीत मात्र त्याची पाटी कोरीच होती.

अशा संकराची पहिली पिढी एकसारखी दिसते. दुसऱ्या पिढीत मात्र उंची, दाणा, वास अशा सर्वच गुणांची फाटाफूट होते. या विविधतेतूनच हवे ते ताट निवडून पुढील अनेक पिढ्यांत स्थिर करावे लागते. प्रयोगशाळेतील उंदरांतही हाच नियम दिसतो. किमान वीस पिढ्या भाऊ-बहिणींचा संयोग घडवून शुद्ध वंश तयार करतात. अशा दोन वंशांची संकरित पिल्ले बहुधा अधिक जोमदार निपजतात. मिची व मॅक्लारेन यांनी १९५४ मध्ये आणखी एक गोष्ट निदर्शनास आणली : गुंगीच्या औषधाला शुद्ध वंशाच्या उंदरांनी दिलेला प्रतिसाद संकरितांपेक्षा अधिक विषम होता. जनुके एकसारखी म्हणजे प्राणीही एकसारखा, हा समज त्यामुळे डळमळला. भात मुळात स्वपरागी असल्याने अंतःप्रजननाची झळ त्याला फारशी लागत नाही. तरीही संकरज ओज त्यातही आढळते. जोन्स यांनी १९२६ मध्येच त्याची नोंद केली होती.

हे ओज शेतात आणावयाचे, तर पहिल्या पिढीचे बियाणेच पेरले पाहिजे. चीनमध्ये युआन लाँगपिंग यांनी नरवंध्य ताटांच्या आधारे ते साधले. महाराष्ट्रात कर्जत येथील केंद्राने १९९८ मध्ये ‘सह्याद्री’ हा संकरित भात दिला. त्याचे उत्पन्न अधिक. पण घरी राखलेले बी पेरल्यास पुढील हंगामात पीक विषम होते, म्हणून दरवर्षी बियाणे विकत घ्यावे लागते. अल्पभूधारकाला हा खर्च जड जातो. इंद्रायणीत पहिल्या पिढीचे ओज उरलेले नाही. मात्र सौम्य सुवास टिकला आहे, आणि चांगल्या लोंब्या निवडून ठेवल्या की पुढच्या खरिपाचे बी मावळातल्या शेतकऱ्याच्या घरातच तयार असते.