मुक्त आज्ञावलींतील फाटाफूट

संगणकाच्या एखाद्या आज्ञावलीचा सोर्स कोड या नावाने परिचित असलेला मूळ पाठ घेऊन, मूळ प्रकल्पापासून वेगळे होऊन तिचा स्वतंत्र विकास करणे, यास फाटा फुटणे किंवा फोर्क असे म्हणतात. मूळ पाठ वाचण्याची, बदलण्याची व वाटण्याची मुभा मुक्त आज्ञावलीच्या परवान्यानेच दिलेली असल्याने अशा फुटीस कोणाच्याही अनुमतीची गरज नसते. प्रकल्पाचे नाव मात्र व्यापारचिन्ह म्हणून बहुधा एकाच्याच मालकीचे असते. त्यामुळे पुष्कळदा खरा तंटा पाठावरून न होता नावावरून होतो. ओपनऑफिसच्या इतिहासात हे स्पष्ट दिसते.

लेखन, हिशोबतक्ते इ. कार्यालयीन कामांसाठी जर्मनीतील स्टार डिव्हिजन या कंपनीने स्टारऑफिस हा आज्ञावलीसंच तयार केला. अमेरिकेतील सन मायक्रोसिस्टिम्सने १९९९ मध्ये ती कंपनी विकत घेतली व २००० मध्ये संचाचा मूळ पाठ ओपनऑफिस.ऑर्ग या नावाने खुला केला. बाहेरच्या प्रोग्रामरांना आपल्या कामाच्या स्वामित्वहक्कात सनला सहभागी करून घ्यावे लागे. त्यामुळे कुरबूर जुनीच होती. नोव्हेल कंपनीच्या पुढाकाराने गो-ओओ ही सुधारित आवृत्ती निघत असे व लिनक्सच्या अनेक वितरणांत तीच दिली जाई. फाटा जाहीरपणे फुटण्यापूर्वीच व्यवहारात फुटू लागला होता, असे म्हणता येईल.

जानेवारी २०१० मध्ये ओरॅकलने सन विकत घेतली. २८ सप्टेंबर रोजी प्रमुख कार्यकर्त्यांनी द डॉक्युमेंट फाउंडेशनची घोषणा केली, ओरॅकलला तीत सामील होण्याचे निमंत्रण दिले आणि ओपनऑफिस हे नाव संस्थेस द्यावे अशी विनंती केली. तोवर कामचलाऊ म्हणून लिब्रेऑफिस हे नाव योजले होते. ओरॅकलने नाव दिले नाही. उलट नव्या संस्थेत गेलेल्यांनी जुन्या प्रकल्पाच्या परिषदेतून बाहेर पडावे, असे सुचविले. कामचलाऊ नाव कायमचे झाले. जर्मन कायद्यानुसार न्यास स्थापण्यास लागणारे ५०,००० युरो फेब्रुवारी २०११ मध्ये देणग्यांतून आठ दिवसांत जमले. त्याच वर्षी उबुंटू, फेडोरा या वितरणांनी लिब्रेऑफिस स्वीकारले.

जून २०११ मध्ये ओरॅकलने जुना प्रकल्प नावासह अपाची सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या स्वाधीन केला. येथे परवान्यांचा भेद महत्त्वाचा ठरला. अपाचीचा परवाना सैल असल्याने तिकडील सुधारणा लिब्रेऑफिसला घेता येतात. लिब्रेऑफिसच्या सुधारणा मात्र त्याच परवान्याखाली तिकडे नेता येत नाहीत. २०१६ मध्ये, सुरक्षाविषयक दुरुस्त्यांना माणसे अपुरी पडत असल्याने, प्रकल्प बंद करण्याच्या शक्यतेची चर्चा खुद्द अपाचीत झाली. तरीही परिचित नावामुळे मागणी टिकून राहिली. अखेर २०२० मध्ये द डॉक्युमेंट फाउंडेशनने अनावृत पत्र लिहून, वापरणाऱ्यांस निदान लिब्रेऑफिसची माहिती तरी द्यावी, असे अपाचीस आवाहन केले.

याहून निराळा शेवट जीसीसीच्या बाबतीत झाला. प्रोग्रामरने लिहिलेला पाठ यंत्रभाषेत आणणाऱ्या या आज्ञावलीचा विकास मंदावल्याने १९९७ मध्ये ईजीसीएस हा फाटा फुटला. नाव धारण करणाऱ्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने १९९९ मध्ये त्या फाट्यासच अधिकृत जीसीसी म्हणून मान्यता दिली आणि जुन्या मार्गावरील विकास थांबविला.