दोराविना, कॅमेऱ्यासमोर

शनिवारी रात्री जेवणं उरकली की तूनळी उघडायची (हा शब्द आता कुणी वापरत नाही, मला मात्र अजून आवडतो) आणि कुठल्यातरी उभ्या कड्यावर दोराशिवाय चढणाऱ्या माणसाची चित्रफीत लावायची, हा माझा गेल्या काही वर्षांतला छंद. बायको त्याला 'तळहात ओले करण्याचा कार्यक्रम' म्हणते, आणि ते खरंच आहे. माणूस तिकडे दोन हजार फुटांवर लटकलेला, आणि इकडे सोफ्यावर बसून घाम मला!

हापिसात एखादा बग सापडला की तो कोड कोणी, कधी आणि का लिहिला हे आधी बघायची सवय असते. तीच खोड इथेही लागली. या चित्रफिती आल्या कुठून? दोराशिवाय चढणं जुनं आहे की ते बघणं जुनं? आणि बघणारे आले म्हणून चढणाऱ्याचं काही बदललं का? गेले तीन-चार वीकांत त्यातच गेले.

आधी एक घोळ निस्तरतो, कारण तो सगळेच घालतात. 'फ्री क्लाइंबिंग' म्हणजे दोराशिवाय चढणं नव्हे. त्यात दोर असतोच, फक्त वर जाण्यासाठी हातपायच वापरायचे, दोर नुसता पडलात तर झेलायला. खाली एक साथीदार बिले देत असतो. पडलं तर थोडं खरचटतं, चार शिव्या घालून माणूस पुन्हा चढायला लागतो. 'फ्री सोलो' म्हणजे मात्र दोरच नाही. साथीदार नाही, हार्नेस नाही. बूट, खडूची पिशवी आणि तुम्ही. ठराविक उंचीच्या वर गेल्यावर चुकीला दुसरी संधी नसते. प्रॉडक्शनवर थेट बदल करायचा आणि रोलबॅक नाही, असलं काम.

हे काही योसेमिटीच्या लांब केसवाल्या पोरांनी शोधलेलं नाही. ऑस्ट्रियाचा पाउल प्रॉइस १९११ मध्ये डोलोमाइट्समधल्या कंपानीले बासो या सुळक्याची पूर्व भिंत एकटा चढला. ती भिंत त्याआधी कोणीच चढलेलं नव्हतं. त्याच वर्षी त्याने एक निबंध लिहून कड्यात खिळे ठोकणाऱ्यांवर टीका केली, आणि जर्मन भाषक गिर्यारोहकांत मोठा वाद पेटला. टीटा पियाझ, हान्स ड्युल्फर अशी त्या काळातली मोठी मंडळी विरुद्ध बाजूला होती. प्रॉइसचं म्हणणं थोडक्यात असं: तुम्ही नुसते चढाईच्या तोडीचे असून भागत नाही, तिच्याहून सरस असायला हवं. आणि जे उतरता येईल तेच चढावं.

हा शेवटचा नियम मला फार महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडे 'परतीचे दोर कापले' म्हणजे मोठी मर्दुमकी. सिंहगडावर सूर्याजीने दोर कापले आणि मावळे फिरून लढले, ही गोष्ट शाळेपासून आपल्या रक्तात आहे. प्रॉइस बरोबर उलटं सांगतो. त्याच्याकडे कापायला दोरच नव्हता, म्हणून परतीची वाट त्याला स्वतःच्या हातापायांत शाबूत ठेवायची होती. त्याच्या चढायांना बघे फार नव्हते, असले तर दोन-चार जवळची माणसं. ऑक्टोबर १९१३ मध्ये मांडलकोगेलवर एकटा चढताना तो पडला. वय २७. नियम चांगला होता, आणि तो पाळणाराही मेला, हे दोन्ही एकदम लक्षात ठेवावं लागतं.

कॅमेरा आला तो बराच नंतर. १९८२ साली जाँ-पॉल जानसाँ या दिग्दर्शकाने पात्रिक एडलँजेर या फ्रेंच तरुणावर एक छोटा चित्रपट केला. नावाचा अर्थ साधारण 'बोटांच्या टोकांवरचं आयुष्य'. दक्षिण फ्रान्समधल्या ब्यूच्या चुनखडीच्या कड्यांवर सोनेरी केसांचा हा पोरगा दोराशिवाय, अगदी संथ, नाचल्यासारखा चढतो. टीव्हीवर तो बघून कधीही डोंगर न चढलेल्या फ्रेंच कुटुंबांना एडलँजेर माहीत झाला. माझ्या मते आपण आज जे बघतो त्याचा खरा उगम इथे आहे. गिर्यारोहक पूर्वीही प्रसिद्ध होते, पण शिखरांमुळे. हा प्रसिद्ध झाला तो 'पडला तर?' या प्रश्नामुळे.

अमेरिकेत त्याच सुमाराला जॉन बॅकर होता. १९८१ मध्ये त्याने योसेमिटीत चिठ्ठी लावली होती: जो कोणी दिवसभर माझ्या मागोमाग चढेल त्याला दहा हजार डॉलर. कोणी पुढे आलं नाही. बॅकर तीसेक वर्षं दोराशिवाय चढत राहिला आणि जुलै २००९ मध्ये मॅमथ लेक्सजवळच्या डाइक वॉलवर, घराजवळच्या कड्यावर, पडून गेला. ५२ वर्षांचा होता. योसेमिटीच्या भव्य भिंतींवर नाही, कॅमेऱ्यासमोर नाही.

मग डॅन ऑस्मन. तुम्ही तूनळीवर या विषयाच्या आसपास जरी फिरला असाल तर ती चित्रफीत पाहिली असेलच. लेक टाहोजवळचा 'बेअर्स रीच' नावाचा चारशे फुटी मार्ग, १९९७ साल, आणि हा माणूस अक्षरशः पळत वर जातो. ४ मिनिटं २५ सेकंद. मध्ये एका ठिकाणी दोन्ही हात सोडून वर झेप घेतो. आमच्या हापिसातल्या एका मित्राला मी ती दाखवली तर त्याने लॅपटॉपच बंद केला!

पण ऑस्मन त्यात मेला नाही. पडण्याची भीती घालवता घालवता तो मुद्दामच पडायला लागला होता: दोर बांधून कड्यावरून उड्या, आधी छोट्या, मग शेकडो फुटांच्या, मग हजारावर. २३ नोव्हेंबर १९९८ ला योसेमिटीच्या लीनिंग टॉवरवरून मारलेल्या उडीत दोर तुटला. तो जोडणीचा पसारा पाऊस-बर्फात बरेच दिवस तसाच टांगलेला होता, म्हणून दोर कुजला असेल असं आधी वाटलं. तुटलेल्या दोरांच्या तपासणीतून मात्र निघालं ते असं, की त्याने त्या वेळी उडीची दिशा बदलली होती. त्यामुळे एक दोर दुसऱ्यावर घासला आणि घर्षणाने वितळून तुटला. आधीच्या सगळ्या उड्या यशस्वी झालेली सिस्टिम, एकच पॅरामीटर बदलला, आणि तोच कधी टेस्ट झालेला नव्हता. हे वाचून मी बराच वेळ नुसता बसून होतो. आमच्याकडे असं झालं तर सर्व्हर पडतो आणि पहाटे तीनला फोन येतो, इतकंच.

आता अॅलेक्स होनोल्ड. त्याच्याशिवाय हा लेख संपणार नाही हे तुम्हाला माहीतच होतं. पण मला एल कॅपिटनच्या आधीचं, २००८ चं हाफ डोम जास्त अस्वस्थ करतं. तेव्हा तो २३ वर्षांचा होता, फारसा कोणाला माहीत नव्हता. जवळजवळ दोन हजार फुटांची ती भिंत दोन दिवस आधी दोर लावून एकदा चढला आणि मग एकटाच दोराशिवाय निघाला. कॅमेरा नाही, गाजावाजा नाही. माथ्याच्या अगदी खाली एक गुळगुळीत उतरता कातळ आहे. तिथे पाय ठेवायला धड काही नाही, नुसता घर्षणावर विश्वास. होनोल्ड तिथे अडकला. काही मिनिटं त्याला पाय उचलवेना. बाजूलाच बोल्टला एक जुना कॅराबिनर लटकत होता. तो धरला असता तर सुटला असता, पण मग ते 'सोलो' राहिलं नसतं. वरून पर्यटकांचे आवाज येत होते. शेवटी त्याने पायावर विश्वास टाकला, पाय टिकला, तो वर पोचला. माथ्यावर कोणाचं लक्षही गेलं नाही. बूट काढून तो इतरांबरोबर पायवाटेने अनवाणी उतरायला लागला, तर लोकांनी कौतुक केलं ते अनवाणी चालण्याचं!

पुढे हाफ डोमवरची म्हणून जी दृश्यं आणि फोटो जगभर गेले ते नंतर परत जाऊन काढलेले. म्हणजे आपण बघतो तो त्याचा आत्मविश्वास खरा, पण ती मिनिटं त्यात नाहीत. होनोल्ड स्वतः पुढे एका भाषणात म्हणाला की हाफ डोमबद्दल त्याला समाधान नव्हतं, त्या दिवशी तो नशिबाने सुटला आणि नशीबवान चढणारा व्हायची त्याची इच्छा नव्हती.

म्हणून एल कॅपिटनची तयारी वेगळी. जवळपास तीन हजार फुटांची ती भिंत, फ्रीरायडर नावाचा मार्ग, दोर लावून पुन्हा पुन्हा घोकलेला. पाठांतरच म्हणा ना. २०१६ च्या शरदात तो एकदा निघाला आणि खालच्याच गुळगुळीत टप्प्यावरून परत फिरला. कॅमेरे लागलेले, मित्र दोरांवर लटकलेले, आणि हा माणूस 'आज नको' म्हणून खाली आला. मला विचाराल तर त्या संपूर्ण प्रकरणातली सगळ्यात धाडसाची गोष्ट तीच. ३ जून २०१७ ला ३ तास ५६ मिनिटांत तो चढून गेला.

जिमी चिन आणि एलिझाबेथ चाय वासारेली यांचा 'फ्री सोलो' (२०१८) तुम्ही पाहिला असेल, ऑस्करही मिळालं त्याला. त्यात मला होनोल्डइतकाच लक्षात राहिला तो खाली लांब लेन्स लावून उभा असलेला मिकी शेफर. कॅमेरा चालू ठेवून तो स्वतः तोंड फिरवतो, बघू शकत नाही. सगळ्यात अवघड जागी तर माणूस ठेवलाच नव्हता, दुरून चालणारे कॅमेरे लावले होते. आपल्या असण्यानेच तो पडला तर, ही भीती त्या लोकांना होती. चित्रीकरण करणारे सगळे स्वतः पक्के गिर्यारोहक, म्हणून त्यांना ती कळत होती. मला प्रश्न पडतो तो सोफ्यावरच्या माणसाचा. आपण तोंड फिरवत नाही, कारण शेवट आपल्याला माहीत असतो. वाईट शेवट झाला असता तर ती फिल्म आपल्यापर्यंत आलीच नसती. सर्व्हायव्हरशिप बायसचं इतकं सरळ उदाहरण दुसरं नसेल.

पैशाची बाजूही आहेच. नोव्हेंबर २०१४ मध्ये क्लिफ बार या कंपनीने होनोल्ड, डीन पॉटर, स्टेफ डेव्हिस यांच्यासह पाच जणांचं प्रायोजकत्व काढून घेतलं. एवढ्या जोखमीतून फायदा घेणं पटत नाही, असं त्यांचं म्हणणं. काहींनी त्यांना नावं ठेवली. मला ते प्रामाणिक वाटलं, उशिरा का होईना. पॉटर सहा महिन्यांतच, मे २०१५ मध्ये, योसेमिटीत विंगसूट घालून मारलेल्या उडीत गेला.

(सह्याद्रीत हे बघून कोणाला स्फूर्ती येत असेल तर एक सांगतो. तिकडचा ग्रॅनाइट आणि आपला बसाल्ट यांत फरक आहे. आपल्याकडे घट्ट दिसणारी खोबण कधी हातात निघून येईल सांगता येत नाही, आणि पावसाळ्यानंतर तर नाहीच नाही.)

आणि मग १ ऑक्टोबर २०२५. एल कॅपिटनवर बेलिन मिलर नावाचा २३ वर्षांचा अलास्काचा मुलगा 'सी ऑफ ड्रीम्स' या मार्गावर एकटा चढत होता. हा फ्री सोलो नव्हता, दोर होता. खालच्या कुरणातून कोणीतरी दुर्बिणीतून टिकटॉकवर थेट प्रक्षेपण करत होतं, लोक रोज बघत होते, आणि त्याचं नाव माहीत नसल्याने त्याला 'केशरी तंबूवाला' म्हणत होते. तो माथ्यापर्यंत पोचला होता. मागे राहिलेलं सामान आणायला दोरावरून खाली उतरताना, त्याच्या भावाने सांगितल्यानुसार, बहुधा दोराच्या टोकाच्या पुढे गेला. बघणाऱ्यांनी ते बघितलं.

दोराच्या टोकाला गाठ असली की उतरताना माणूस तिथे अडतो. आमच्या ग्रुपमध्ये रॅपलिंगच्या आधी गाठीबद्दल ओरडून विचारायची पद्धत आहे, आणि दर वेळी कोणीतरी 'आहे रे बाबा' असं वैतागून म्हणतं. दमलेल्या माणसाकडून, सगळं संपल्यावर, हीच गोष्ट राहून जाऊ शकते. तो कापलेला तुकडा जालावर फिरत होता म्हणे. मी शोधला नाही. शिफारशींमध्ये दोनदा आपोआप समोर आला, दोन्ही वेळा 'यात रस नाही' दाबलं.

त्याऐवजी त्या आठवड्यात 'द अल्पिनिस्ट' (२०२१) पुन्हा पाहिला. कॅनडाचा मार्क-आंद्रे लक्लेर. बर्फ आणि खडकाच्या मिश्र भिंतींवर एकटा चढणारा, बराच काळ फोनसुद्धा न बाळगणारा. पीटर मॉर्टिमर आणि निक रोझन त्याच्यावर चित्रपट करत असताना हा पठ्ठ्या मध्येच गायब झाला. नंतर कळलं की २०१६ मध्ये माउंट रॉबसनच्या एम्परर फेसवर एकटा चढून आला. त्या भिंतीवरची ती पहिली एकट्याची चढाई. दिग्दर्शक चिडले, साहजिकच. त्याचं उत्तर साधं होतं: तुम्ही तिथे असता तर ते एकट्याने चढणं झालंच नसतं. मार्च २०१८ मध्ये अलास्कातल्या मेंडेनहॉल टॉवर्सवर, साथीदाराबरोबर, दोर घेऊन केलेल्या चढाईनंतर तो परतला नाही. २५ वर्षांचा होता.

रॉबसनवर त्याच्याबरोबर कोणी नव्हतं. त्या चढाईबद्दल आज जे माहीत आहे, ते त्याने परत आल्यावर सांगितलं तेवढंच.