ड्रायडनची लॅटिन, आपली मराठी

‘ही इज अँग्री ऑन मी.’ ‘आय रीच्ड टू पुणे.’ ‘शी इज मॅरीड विथ अ डॉक्टर.’ ‘वुई डिस्कस्ड अबाउट द प्रॉब्लेम.’

नोकरीधंद्याच्या गरजेपोटी मोठ्या वयात इंग्रजी शिकणाऱ्यांना मी शिकवते. त्यांच्या वह्यांत ही वाक्ये मला नेहमी भेटतात. चारही चुकीची आहेत. ‘अँग्री’नंतर ‘विथ’ हवे, ‘मॅरीड’नंतर ‘टू’ हवे. ‘रीच’ आणि ‘डिस्कस’ यांना मध्ये कोणीच नको. पण यातली एकही चूक विनाकारण झालेली नाही. आपण माणसावर रागावतो, पुण्याला पोचतो, डॉक्टरशी लग्न करतो आणि प्रश्नाबद्दल चर्चा करतो. मराठीत शब्दाच्या मागे असलेले ‘वर’, ‘ला’, ‘शी’, ‘बद्दल’ विद्यार्थ्याने इमानदारीने उचलले आणि इंग्रजी शब्दाच्या पुढे नेऊन ठेवले.

अशा चुकांना हसणारे पुष्कळ असतात. त्या हसण्याच्या धास्तीने सभेत, मुलाखतीत तोंड न उघडणारे त्याहून जास्त. म्हणून वर्गात नियम सांगण्याआधी मी एका इंग्रज माणसाची गोष्ट सांगते.

जॉन ड्रायडन हा सतराव्या शतकातला इंग्लंडचा राजकवी. १६७२ साली त्याने आपल्या आधीच्या पिढीतल्या बेन जॉन्सन या मोठ्या नाटककाराच्या भाषेतले दोष काढले. त्यातला एक दोष असा, की जॉन्सन वाक्याच्या शेवटी प्रिपोझिशन ठेवतो. बोलणारे इंग्रज कित्येक शतके तसेच बोलत होते. पण ड्रायडन लॅटिनमध्ये मुरलेला होता. ‘प्रिपोझिशन’ हा शब्दच मुळात लॅटिन, त्याचा अर्थ ‘पुढे ठेवलेले’. जे नामाच्या पुढे बसायचे ते वाक्याच्या शेपटाला लटकलेले त्याला कसे रुचावे? गंमत म्हणजे १६६८ साली छापलेल्या त्याच्या स्वतःच्या नाट्यविषयक निबंधात तशी वाक्ये होती. १६८४ च्या आवृत्तीत त्याने ती शोधून शोधून बदलली. १६७९ साली एका नाटकाच्या अर्पणपत्रिकेत तर त्याने कबूलच केले, की आपले इंग्रजी कितपत शुद्ध आहे याची शंका आली की आपण ते वाक्य लॅटिनमध्ये घालून पाहतो.

मातृभाषेवर एवढी हुकमत असलेला माणूसही तिला परक्या भाषेच्या तराजूत तोलत होता. ‘अँग्री ऑन मी’ लिहिणारा विद्यार्थी तरी वेगळे काय करतो? त्याचा तराजू मराठी आहे, इतकेच. फरक पुढे पडला. ड्रायडनची खोड प्रतिष्ठित झाली, विद्यार्थ्याची खोड लाल शाईत गेली.

१७६२ साली रॉबर्ट लोथ या धर्मोपदेशकाने इंग्रजीचे छोटेसे व्याकरण लिहिले. शेवटी येणारे प्रिपोझिशन रोजच्या बोलण्यात चालते, गंभीर लेखनात ते पुढे असलेले बरे, असे त्याचे म्हणणे होते. इंग्रजीचा ओढाच तसा आहे हे सांगणारे त्याचे वाक्य प्रिपोझिशनवरच संपते. १७९५ साली लिंडली मरे याने शाळांसाठी व्याकरण लिहिताना लोथचा मजकूर घेतला आणि ते वाक्य मात्र गुपचूप ‘सुधारले’. मरेचे पुस्तक अफाट खपले आणि सौम्य सल्ला शाळामास्तरांच्या हाती पडून कडक नियम झाला. १९२६ साली फाउलरने आपल्या प्रसिद्ध कोशात या समजुतीची अंधश्रद्धेत गणना केली, तरी ती काही पुरती गेली नाही.

पण इंग्रजीला एवढी प्रिपोझिशने लागतात तरी का? हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीला आपल्यासारख्याच विभक्ती होत्या. ‘राजाला’ म्हणायला ‘क्युनिंगे’ एवढा एकच शब्द पुरे. पुढे शब्दांची टोके उच्चारात झिजली, प्रत्यय ओळखू येईनासे झाले आणि त्यांचे काम पुढे उभ्या असलेल्या छोट्या शब्दांवर पडले. या बढतीत काहींचे अर्थही पालटले. आज ‘सोबत’ सांगणारे ‘विथ’ तेव्हा मुख्यतः ‘विरुद्ध’ या अर्थाचे होते. ‘विदस्टँड’मध्ये तो अर्थ अजून शिल्लक आहे. सोबतीसाठी ‘मिड’ हा वेगळा शब्द होता. ‘विथ’ने त्याची जागा बळकावली आणि तो ‘मिडवाइफ’मध्ये, म्हणजे बाळंतिणीच्या सोबत असणारी, एवढ्यापुरता उरला. तेव्हा ‘अमुक ठिकाणी विथच का?’ याला पुष्कळदा तर्काचे उत्तर नसते. वहिवाट हेच उत्तर असते.

आपल्याकडेही हीच झीज झाली. संस्कृतच्या भरगच्च विभक्ती प्राकृतात गळत गेल्या. मराठीने उरलेल्या सामान्यरूपाला नवे शब्द जोडले. ‘उपरि’चा ‘वर’ झाला, ‘मध्ये’ तर संस्कृतातून तसाच आला. इंग्रजीने आधाराची काठी शब्दाच्या पुढे धरली, आपण मागे. दोन्ही भाषांचा प्रवास सारखा, हात तेवढे वेगळे.

याचा पुरावा रोजच्या बोलण्यात आहे. विद्यार्थी ‘आय वेंट टू होम’ लिहितात. मी त्यांना विचारते, तुम्ही मराठीत ‘घराला गेलो’ म्हणता का? नाही, ‘घरी गेलो’ म्हणता. ‘घरी’ हे जुन्या सप्तमीचे रूप ‘सकाळी’, ‘दुपारी’ यांच्यासारखे टिकून राहिले आहे. ‘गो होम’मधले ‘होम’ही जुन्या इंग्रजी द्वितीयेचे अवशिष्ट रूप आहे, म्हणून त्याला ‘टू’ लागत नाही. हे एकदा कळले की ती चूक सहसा परत होत नाही.

बाकीची प्रिपोझिशने मात्र ऐकून, वाचून, वापरूनच अंगवळणी पाडावी लागतात. चूक तपासायची मी सोडलेली नाही. मुलाखत घेणारा सोडणार नाही, हे मला माहीत आहे. पण ‘ऑन’ खोडून ‘विथ’ लिहिताना शेजारी मराठीतला ‘वर’ही लिहून ठेवते. चूक कुठून आली हे दिसले की माणूस ओशाळत नाही आणि पुढचे वाक्य बोलायला धजावतो.