काडेपेटी, खेळण्यातली गाडी आणि सिनेमा

आम्ही उल्हासनगरच्या कॅम्प ५ मधल्या बायका बोलतोय. आज इतिहास सांगायचा आहे, पण तो राजेमहाराजांचा नाही, लहान वस्तूंचा आहे. सिनेमात दिसणारी छोटी घरं आणि गाड्या, पोरांच्या हातातली खेळणी, हे सगळं हातानं कसं बनत आलं आणि बनवणाऱ्याच्या पदरात काय पडलं, ते आपण बघू.

आधी आमच्या जागेविषयी. दुसऱ्या महायुद्धात इथे लष्कराची छावणी होती. तिचे पाच भाग होते, म्हणून आजही आम्ही 'कॅम्प' म्हणतो. फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबं त्याच बराकींमध्ये राहिली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळालं. लोकांकडे जमीन नव्हती, भांडवल नव्हतं. मग घरातच काहीतरी करायचं आणि विकायचं, असं पुष्कळांनी सुरू केलं.

कॅम्प ५ ला लागूनच अंबरनाथ. तिथे त्याच्याही पंचवीस वर्षं आधी, १९२४ च्या सुमारास, विम्कोचा काडेपेटीचा कारखाना निघाला होता. सरकारनं परदेशी काडेपेटीवर जबर जकात लावली, तेव्हा स्वीडनच्या कंपनीनं इथेच काड्या बनवायला घेतल्या. ही काडेपेटी लक्षात ठेवा. आजच्या गोष्टीत ती पुन्हा पुन्हा येणार आहे.

अंबरनाथचा कारखाना निघण्याआधीची गोष्ट. त्र्यंबकेश्वरला जन्मलेले दादासाहेब फाळके १९१२ मध्ये लंडनहून सिनेमाचा कॅमेरा घेऊन आले. सिनेमाला पैसे कोण देणार? म्हणून आधी त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि महिन्याहून जास्त दिवस त्याची थोडी थोडी चित्रं घेतली. ती सलग दाखवली, तर बघता बघता रोप उगवलं! त्याचं नाव 'अंकुराची वाढ'. पुढे १९१५ च्या सुमारास त्यांनी 'आगकाड्यांची मौज' केली. त्यात साध्या काड्या आपोआप हलून आकार धरतात.

यात जादू कसली, तर चिकाटीची. काडी किंचित सरकवायची, एक चित्र घ्यायचं, पुन्हा सरकवायची. त्या काळी एका सेकंदाला साधारण १६ चित्रं लागत. म्हणजे एका मिनिटाला ९६०. रांगोळीचे ठिपके मोजून काढणाऱ्या बाईला हे काम वेगळं सांगायला नको.

हे काम एकट्या फाळक्यांचं नव्हतं. त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई यांनी आपले दागिने दिले. कच्च्या फिल्मच्या कडेला भोकं पाडायची, रसायनं कालवून फिल्म धुवायची, हे त्या करत. चित्रण चालू असताना उन्हाचा प्रकाश परतवण्यासाठी पांढरी चादर धरून उभ्या राहत. शिवाय साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक त्यांच्याकडेच. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशन थिएटरात 'राजा हरिश्चंद्र' लागला. फाळक्यांचं नाव घरोघरी गेलं. सरस्वतीबाईंचं नाव मात्र पुष्कळ वर्षं फारसं कोणी घेतलं नाही.

नंतर सिनेमात लहान प्रतिकृतींचा वापर वाढला. १९३३ चा अमेरिकेतला 'किंग काँग' घ्या. पडद्यावर तो डोंगराएवढा वानर दिसतो, पण त्याचा बाहुला जेमतेम दीड फुटाचा होता. आत धातूचा सांगाडा आणि वरून सशाची कातडी. तोही आगकाडीसारखाच कणाकणानं हलवलेला. मुंबईत १९३७ मध्ये 'ख्वाब की दुनिया' आला. त्यात बाबूभाई मिस्त्री यांनी काळ्या पडद्यासमोर काळ्या दोऱ्यानं वस्तू हवेत हलवल्या. दोरा कोणाला दिसला नाही. लोक त्यांना 'काला धागा' म्हणू लागले.

लहान वस्तू मोठी भासवायची, तर एक अडचण असते. खेळण्यातली गाडी टेबलावरून ढकलली की पटकन खाली येते. खरी मोटार दरीत कोसळायला वेळ लागतो. म्हणून लहान गाडीचं चित्रण जास्त वेगानं करायचं आणि नेहमीच्या वेगानं दाखवायचं. खऱ्या गाडीच्या सोळाव्या हिश्श्याएवढी गाडी असेल, तर वेग चौपट ठेवतात. मग ती जड वाटते. पाणी आणि आग मात्र लहान करता येत नाही. पाण्याचा थेंब आपल्या आकाराचाच राहतो आणि लबाडी उघडी पाडतो.

सिनेमा आणि खेळणी यांचं नातं जुनंच आहे. फ्रान्सच्या मेलिएस यांनी १९०२ मध्ये चंद्रावरच्या सफरीचा सिनेमा काढला. पुढे धंदा बुडाला आणि हा मोठा कलावंत पॅरिसच्या रेल्वे स्टेशनात खेळण्यांच्या दुकानावर बसला. १९५२ च्या सुमाराला लंडनमध्ये जॅक ओडेल नावाच्या कारागिरानं मुलीसाठी पितळेचा इवलासा रस्ता दाबायचा रोलर केला. का, तर तिच्या शाळेत काडेपेटीत मावेल एवढंच खेळणं न्यायला परवानगी होती. त्यातूनच १९५३ मध्ये 'मॅचबॉक्स' गाड्या निघाल्या. मॅचबॉक्स म्हणजे आपली काडेपेटी.

आणि आपण? आपणही गाड्या करतच होतो. ज्वारीच्या ताटाची साल सोलायची, आतल्या भेंडाचे तुकडे करायचे, सालीच्या चोया खोचून बैलगाडी उभी करायची. फाटक्या चपलेच्या तळव्याची गोल चाकं कापायची, तार वाकवून मोटार करायची. काडेपेट्या दोऱ्यानं जोडल्या की आगगाडी तयार. विदर्भात तान्ह्या पोळ्याला पोरं चाकांवरचा लाकडी बैल ओढतात. सावंतवाडीत चितारी कारागीर पिढ्यान् पिढ्या लाकडाची खेळणी रंगवत आले आहेत.

यात आपला प्रश्न असा आहे. आमच्या कॅम्पात घरी बसून नगावर काम करणाऱ्या बायका पुष्कळ आहेत. माल येतो, जोडायचा, परत द्यायचा. किती नग झाले ते लिहिलं जातं. किती तास गेले ते कोणी लिहीत नाही. "घरबसल्या तर करतेस," असं म्हटलं की मजुरी कमी द्यायला मोकळे. सरस्वतीबाईंचे तास कोणी मांडले नाहीत, तसे आपलेही मांडले जात नाहीत.

म्हणून गटानं खेळणी करायला घेतली, तर दोन गोष्टी पहिल्या दिवसापासून करा. एक, वहीत सामानाच्या खर्चाबरोबर तासही लिहा. समजा एका गाडीला ३० रुपयांचं सामान आणि दोन तास लागले. ती ८० रुपयांना विकली, तर तासाला २५ रुपये पडले. हा आकडा समोर आला की भाव ठरवताना बोलता येतं. दोन, गाडीच्या तळाशी बनवणारीचं नाव आणि साल घाला. आणि लहान मुलांच्या हातात जायची वस्तू आहे, तेव्हा तारेची टोकं आत वळवा, सुटून तोंडात जाईल असा मणी लावू नका.

आता एक काम. पुढच्या बैठकीत गटातल्या सगळ्यात वयस्कर आजींना विचारा, त्यांच्या लहानपणी घरात खेळणी कोण करत होतं आणि कशाची. त्या बाईचं नाव आणि करायची रीत वहीत उतरवून घ्या.